समासातले समीक्षक

मराठी समीक्षेचा इतिहास ज्या विद्वानांनी लिहिला, त्यांपैकी एकानेही आमच्या चिपळुणात येऊन वाचनालयाची पुस्तकं उघडून पाहिलेली नाहीत, असा माझा जुना संशय आहे. पाहिली असती तर त्या इतिहासात निदान एक प्रकरण वाढलं असतं. नियतकालिकांतली समीक्षा सगळ्यांना ठाऊक असते. (ठाऊक असते म्हणजे वाचतात, असं नव्हे.) पण वाचनालयाच्या पुस्तकांच्या समासात, शिसपेन्सिलीने, निनावी आणि बिनमानधनाची जी समीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिची दखल कोण घेणार? समास म्हणजे व्याकरणातला नव्हे हो. तो आम्हांला शाळेत तत्पुरुषापाशीच सोडून गेला. हा पानाच्या कडेचा.

ज्या वाचनालयाविषयी मी लिहितो आहे, त्याचं नाव सांगत नाही. पुढे थोडा कबुलीजबाब आहे, आणि दंड वसूल करण्याची मुदत संपली की नाही हे मी अजून वकिलाला विचारलेलं नाही. गावातलं मोठं, मानाचं वाचनालय म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. ते 1864 सालचं. 2013 च्या जानेवारीत शहाऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरलं, ते त्याच संस्थेच्या यजमानपदाखाली. नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. त्या वेळी निमंत्रणपत्रिकेवरच्या परशुरामावरून आणि त्याच्या परशूवरून जो वाद झाला तो सर्वांना आठवत असेल. त्या वर्षी महाराष्ट्रात सर्वांत बारकाईने वाचलं गेलेलं मराठी साहित्य म्हणजे ती निमंत्रणपत्रिका, असं मी तेव्हाही म्हणत असे. तर ते मोठं वाचनालय. आमचं त्याच्यापुढे म्हणजे गणपतीपुढचा उंदीर. दोन खोल्या, एक बाक, तीन वर्तमानपत्रं, आणि भिंतीवर एक पाटी : ‘पुस्तकांवर लिहू नये.’ त्या पाटीखाली कुणीतरी पेन्सिलीने विचारलं होतं, ‘आत?’

इथूनच सगळी सुरुवात आहे.

रहस्यकथांच्या कपाटापासून आरंभ करू, कारण आमचा बहुतेकांचा आरंभ तिथूनच झाला. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आमच्या लहानपणी दर आठवड्याला नवा पराक्रम करीत असत. पण त्यांच्याहून एक पराक्रमी माणूस आमच्या गावात होता. हा गृहस्थ रहस्यकथा आपल्या आधी नेई, आणि पाचव्या पानाच्या समासात खुन्याचं नाव लिहून परत करी. बस्स, फक्त नाव. त्याला शिव्या घालणारे शेरे खाली चारचार ओळी असत. पुढे दुसरा एक सज्जन अवतरला. त्याने नवीच युक्ती काढली. तो पाचव्या पानावर भलत्याच माणसाचं नाव लिहू लागला. मग तिसऱ्याने सहाव्या पानावर लिहायचं, ‘मागच्यावर विश्वास ठेवू नका.’ मग पहिला चिडून, ‘मीच खरा. शेवट पाहा.’ शेवट पाहावा तर शेवटचं पान फाडलेलं! एका पुस्तकात तर त्या फाडलेल्या पानाच्या जागी वहीचा कागद चिकटवून कुणा परोपकारी वाचकाने शेवट स्वहस्ते लिहून ठेवला होता. पुढे मला त्याची अख्खी प्रत मिळाली. मूळ शेवटापेक्षा चिपळूणचा शेवट चांगला होता. मूळ शेवटात खुनी पकडला जातो, इतकंच. चिपळूणच्या शेवटात तो पकडला जातो आणि त्याच्या आईचं पुढे काय झालं तेही कळतं.

सामाजिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे वळलं की समीक्षक बदलत. नावं कुणाचीच ठाऊक नाहीत, म्हणून आम्ही त्यांना हत्यारांवरून ओळखत असू. ‘लाल पेन्सिल’ हे बहुधा निवृत्त मास्तर असावेत. त्यांना कथानकाशी कर्तव्य नसे. 1962 साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले, आणि व्युत्पत्तीवरचे जुने अनुस्वार गेले. लाल पेन्सिलीने ही आज्ञा इतकी मनावर घेतली, की हरिभाऊ आपट्यांच्या जुन्या कादंबऱ्यांतलेही अनुस्वार तिने एकेक करून खोडले. त्यावर ‘निळी शाई’ नामक कुणी कडवे सनातनी होते. त्यांनी ते सगळे परत घातले. अनुस्वारांची ही ने-आण दोनशे-अडीचशे पानं चाललेली मी स्वतः पाहिली आहे. त्याच ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या मुखपृष्ठावर, शीर्षकाखाली, तिसऱ्याच हस्ताक्षरात उत्तर होतं : ‘वर्गणी थकली की ग्रंथपाल.’

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त अखेरीकडे थेऊरच्या पानांवर शेरे नसतच. तिथे कागदच फुगलेला असे. एकाने मात्र आधी दहा पानं इशारा दिला होता, ‘पुढे रुमाल घेऊन बसा.’ ही समीक्षा मला फार आवडली. कादंबरीत काय आहे याची चर्चा पुष्कळ होते, वाचकाने काय घेऊन बसावं हे कुणी सांगत नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापली बाजू सांगतात. आमच्या गावाने सातवी बाजू जोडली. ‘कुंतीचं चुकलंच’ असं एका बाजूला, आणि त्यासमोर बायकी अक्षरात, ‘सूर्याचं काही चुकलं नाही वाटतं?’ अर्धशतकभर ‘मृत्युंजय’वर जे काही बोललं गेलं, त्यात याच्याहून नेमका प्रश्न माझ्या तरी वाचनात नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’चा आमच्याकडे अनुभव निराळा. कुणी तरी ‘वगैरे’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजायला घेतलं होतं. प्रत्येक पानाखाली बेरीज, पुढच्या पानावर हातचा. चाळिसाव्या पानापाशी लिहिलं होतं, ‘कंटाळा आला वगैरे.’ म्हणजे गडी पुस्तकाला नावं ठेवता ठेवता पुस्तकासारखंच बोलू लागला होता. लेखकाचा याहून मोठा विजय कोणता?

हे केवळ आमच्या गावचं खूळ नाही. फर्मा नावाच्या फ्रेंच गणित्याने सतराव्या शतकात एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं, की मला एक सुरेख सिद्धता सापडली आहे, पण ती मावेल एवढा हा समास नाही. मग पुढली साडेतीनशे वर्षं जगभरचे गणिती डोकं धरून बसले. इंग्रज कवी कोलरिज याला तर मित्र मुद्दाम आपली पुस्तकं वाचायला देत, कारण ती समासभर टिपणं होऊन परत येत. चार्ल्स लॅम्बने आपल्या एका निबंधात लोकांना तसा सल्लाच दिला आहे. लॅम्ब आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर नव्हता, हे त्याचं भाग्य.

आता कबुलीजबाब.

श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी 1987 साली आली. पेंडसे आमच्याच बाजूचे, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ आणि ‘रथचक्र’ आमच्याकडे लोक कादंबरी म्हणून वाचतच नाहीत, ओळखीच्या माणसांची खबरबात म्हणून वाचतात. त्यात ‘तुंबाड’ म्हणजे शेजारच्या खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. आणि जगबुडी पुढे आमच्या वाशिष्ठीलाच मिळते. म्हणजे कादंबरी वाहत वाहत आमच्याच दारात आली म्हणायची. वाचनालयात पहिला खंड यायला आणि माझा नंबर लागायला 1988 उजाडलं.

अस्मादिकांचे आजोबा एका गावचे खोत होते. गाव लहान, खोती त्याहून लहान, आणि माझ्या जन्माआधीच 1949 च्या कायद्याने ती संपलेली. त्या कायद्याच्या बारा वर्षं आधी, 1937 साली, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. मला ठाऊक होता तो माजघरातला आजोबांचा फोटो, आणि ते किती दयाळू होते याच्या आजीने सांगितलेल्या गोष्टी. कादंबरीत खोतांची मग्रुरी वाचता वाचता माझं डोकं फिरलं. खिशात शाईचं पेन होतं. समासात लिहिलं : ‘अतीशयोक्ती. खोत असे नव्हते. आमचे आजोबा कुळांच्या लग्नात अक्षता टाकायला जात.’

दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या खंडाआधी उजळणी म्हणून पहिला खंड पुन्हा आणला. माझ्या शेऱ्याखाली बारीक शिसपेन्सिलीने : ‘जात. आणि लग्नाआधी कुळाने आठ दिवस त्यांच्या आवारात वेठीला राबायचं.’ त्याशिवाय लाल पेन्सिलीने माझी ‘ती’ ऱ्हस्व करून ठेवली होती, ती जखम वेगळी.

मी लिहिलं : ‘पुरावा?’

उत्तर आलं : ‘लिहायला येत होतं ते सगळे खोतांकडचे. पुरावा कुठून आणू?’

आता इथे शहाण्या माणसाने पेनाचं टोपण लावावं. पण वादात हरत चाललेला मराठी माणूस मुद्दा सोडून लेखकाच्या चरित्रात शिरतो. मी लिहिलं : ‘लेखक लहानपणीच मुंबईस गेलेले. नोकरी बेस्टमध्ये. त्यांना इथलं काय कळणार?’ त्यावर बारीक पेन्सिल : ‘मग तुम्ही इथेच राहिलात. तुम्हांला काय कळलं?’

हे असं वर्षानुवर्षं चाललं. दरवर्षी पावसाळ्यात मी तो खंड नेई, सही करी, आपलं उत्तर लिही, आणि परत करी. पुढल्या पावसाळ्यात उत्तर तयार असे. मध्ये त्रयस्थही शिरले. एकाने लिहिलं, ‘कायदा झाला, खोती गेली, आता काय उकरता?’ एकाने फक्त ‘आमच्या गावचे खोत चांगले होते’ एवढंच लिहून खाली सही केली होती. संबंध वाचनालयाच्या इतिहासात समासात सही करणारा तो एकच. पण तोवर एक गंमत झाली. बारीक पेन्सिलीशी भांडायचं म्हणून मी ती कादंबरी सात-आठ वेळा वाचली, आणि ज्या पानांवर मी आधी ‘अतिशयोक्ती’ म्हटलं होतं (आता ऱ्हस्व), तीच पानं मला सर्वांत खरी वाटू लागली. पेंडशांनी खोतांना राक्षस केलेलं नाही. तसं केलं असतं तर मला राग आला नसता, राक्षस आमचे आजोबा नव्हेत म्हणून मी मोकळा झालो असतो. त्यांनी माणसंच ठेवली, हसणारी, पोरांवर जीव लावणारी, आणि त्याच हातांनी दुसऱ्याचं घेणारी. माझी अडचण तिथे होती. दुसऱ्या खंडात पसारा त्यांच्या हाताबाहेर गेला आहे असं माझं मत आजही आहे, आणि पुढल्या पिढ्यांतली माणसं पहिल्यांच्या मानाने फिकी वाटतात. पण ते मत मी समासात कधी लिहिलं नाही. ती मतभेदाची गोष्ट होती, भांडणाची नव्हे.

26 जुलै 2005. मुंबईचा तो पाऊस साऱ्या जगाने पाहिला. त्याच दिवशी वाशिष्ठीने आणि शिवनदीने चिपळूण भरलं. आमच्या वाचनालयात पाणी शिरलं, खालचे खण गेले, मधल्या खणांतली पुस्तकं भिजून फुगली. चिखल काढल्यावर आम्ही काही सभासद पुस्तकं वाळवायला बसलो. भिजलेलं पुस्तक उन्हात घालायचं नसतं, सावलीत, वाऱ्यावर, पानापानांत कोरा कागद घालून वाळवायचं असतं. आमच्याकडे ऊन नव्हतंच, त्यामुळे तो नियम आपोआप पाळला गेला. पंखे होते, पण वीज नव्हती. मग दोऱ्या बांधल्या, चिमटे लावले, आणि मराठी सारस्वत धोतरासारखं टांगलं.

वाचनालयाचे शिपाई, ज्यांना सगळं गाव मामा म्हणत असे, माझ्याशेजारी पानं सोडवीत बसले होते. मामा म्हणजे पुस्तक देणं, घेणं, रजिस्टरात लिहिणं, झाडू मारणं, सारं एकट्याने. त्यांनी एक खंड माझ्यापुढे धरला.

‘‘भाऊ, हे पान बघा.’’

मी पाहिलं. छपाई जशीच्या तशी. समासात एका बाजूला निळसर डाग, त्यात एक अक्षर लागत नव्हतं. आणि डागाखाली, बारीक शिसपेन्सिलीच्या ओळी, जशा काल लिहिलेल्या.

‘‘तुमचं गेलं हो सगळं,’’ मामा म्हणाले. ‘‘माझं राहिलं.’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

‘‘तुम्ही?’’

‘‘मग कोण? रजिस्टरात तुमची सही, आत तुमची शाई. शाई पाण्यात जाते भाऊ. शिस जात नाही.’’

‘‘अहो, सतरा वर्षं एक शब्द बोलला नाहीत!’’

‘‘बोलत होतो की. लिहून.’’

मग हात चालवता चालवता त्यांनी मला पुरावा दिला. त्यांच्या खोपटापुढे फणसाचं झाड होतं. झाड लावलेलं आजीने, फणस खोताचे. एके वर्षी लेक बाळंतपणाला आली, तिला डोहाळा फणसाचा. आजीने एक फणस काढला. चार गरे लेकीला दिले, आणि रात्रभर झोप लागेना म्हणून सकाळी उरलेला फणस डोक्यावर घेऊन स्वतःच खोताच्या अंगणात नेऊन ठेवला.

‘‘मग? मारलं?’’

‘‘नाय हो. मारलं असतं तर आजीला बरं वाटलं असतं. तो नुसता हसला. म्हणाला, खा, खा. आणि चार माणसांना हाक मारून दाखवलं.’’

मला काही सुचेना. मी पान सोडवायला गेलो आणि फाडलं.

‘‘घाबरू नका,’’ मामा म्हणाले, ‘‘खोत तुमच्या गावचा नव्हे. वेगळा.’’

‘‘मग माझ्याशी कशाला भांडत होतात?’’

‘‘दुसरं कोणी उत्तरच देत नव्हतं ना!’’

माजघरातल्या फोटोतले आजोबा हसतमुख आहेत. त्या दिवसापासून ते हसू मला पूर्वीसारखं दिसत नाही, याचा दोष पेंडशांना द्यावा की मामांना, की फोटोग्राफरला, हे मी ठरवलेलं नाही.

तो फुगलेला खंड पुढे बरीच वर्षं चालला. मीही शिसपेन्सिल वापरू लागलो. 22 जुलै 2021 ला मात्र पाणी असं आलं की वाळवायला काही उरलं नाही. गावात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आणि आमच्या वाचनालयाची वरची फळीसुद्धा त्याच्या खालची. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा कपाटं आडवी आणि पुस्तकांचा लगदा. फावड्याने ओढून डंपरमध्ये भरला. खुन्यांची नावं, काढलेले आणि घातलेले अनुस्वार, ‘वगैरे’ची बेरीज, सूर्याला विचारलेला प्रश्न, सगळं एकाच डंपरमध्ये गेलं. दुकानांतला तांदूळ कुजलेला, लोकांचे संसार रस्त्यावर, तिथे समासांचं दुःख कुणाला सांगणार? मी ते मामांना सांगितलं. ते तोवर निवृत्त झाले होते. स्वतःच्या घरातला चिखल काढीत होते. म्हणाले, ‘‘शिस पाण्यात जात नाही म्हटलं होतं. कागद जातो, ते राहून गेलं.’’

देणगीदारांच्या कृपेने नवी पुस्तकं आली. ‘तुंबाडचे खोत’ही आली, कोरी, कडक, पांढरेशुभ्र समास. गेल्या पावसाळ्यात मी पहिला खंड आणला. पंचविसाव्या पानापर्यंत एकही शेरा नाही. मला वाटलं, संपलं हे सारं. आता लोक फोनवर भांडतात, तिथे समास नसतो. आणि सव्विसाव्या पानावर, चांगल्या जाड बॉलपेनने, बहुधा कॉलेजातल्या कुणी विचारलेलं : ‘यात हस्तर कधी येतो?’

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी : 2018 साली ‘तुंबाड’ नावाचा हिंदी चित्रपट आला. नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं, पण गोष्टीचं मूळ नारायण धारपांकडचं. हस्तर हा त्यातला सोन्याचा आणि भुकेचा शापित देव. म्हणजे कुणी तरी पोर भुताची गोष्ट समजून चौदाशे पानांच्या वाटेला लागलं होतं. मला हसू आलं. त्या पोराला कोण सांगणार म्हणून पान उलटणार, तोच खाली, बारीक शिसपेन्सिलीने, थोडं थरथरलेलं पण ओळखीचं अक्षर दिसलं :

‘येऊन गेला. मागे बघा. न सापडल्यास भाऊंना विचारा.’

आणि त्याच्याखाली बॉलपेनने : ‘भाऊ कोण?’

पुस्तक शनिवारी परत करायचं आहे. मुदत एकदा वाढवून झाली आहे. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.